पाचशे रुपयांत समुद्र विकायला निघालात? आधी हा हिशोब बघा



परवा आपल्याच मैंदर्गीतला एक पोरगा घरी आला. वय असेल तेवीस-चोवीस. मोबाईलमध्ये बॅनर तयार करून आणला होता. निळं पाणी, नारंगी मासे आणि वर मोठ्या अक्षरात 'मालवण स्कूबा डायव्हिंग, फक्त ४९९ रुपयांत'. खाली बारीक अक्षरात टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं, दोन रात्री मुक्काम, घरगुती मालवणी जेवण. मला म्हणाला, "सर, सोलापुरातला एक जण सहाशेला देतोय. मी चारशे नव्याण्णवला देणार. मे महिन्याच्या सुट्टीत चार गाड्या काढायच्या. बसतंय का बघा."

मी विचारलं, "तू स्वतः केलंयस का स्कूबा?"

"नाही ओ सर. मला पाण्याची भीती वाटती."

हसू नका. आपल्यापैकी कितीतरी जणांनी धंदा असाच सुरू केलाय. जी वस्तू आपण कधी वापरली नाही, ती विकायला निघतो, आणि मग ग्राहकाला सांगायला आपल्याकडे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे भाव. आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. ही कल्पना त्या पोराला माझ्याच व्हिडिओतून मिळाली होती. 'माल आपला नको, गोडाऊन नको, फक्त ग्राहक आणा आणि कमिशन घ्या' हे मीच बोललो होतो. शेंगा चटणीला ते चालतं, चादरीला चालतं. चटणी खारट निघाली तर ग्राहक परत येणार नाही, एवढंच. स्कूबाला ते तसंच्या तसं लावता येत नाही, आणि हे मी त्या व्हिडिओत सांगितलं नाही. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मालवणच्या पाण्याखालचा धंदा स्वस्त होत गेला त्याला किनाऱ्यावरच्या लोकांइतकेच आपण जबाबदार आहोत, म्हणजे सोलापूर, कोल्हापूर, पुण्यात बसून पॅकेज विकणारे. तुम्हाला यात उतरायचं असेल तर भाव पाडून उतरू नका. जमत नसेल तर हा धंदा सोडून द्या, दुसरे पन्नास आहेत.

आता असं का म्हणतो ते बघा.

आपल्या अक्कलकोट तालुक्यात समुद्र नाही, पण विहिरी आहेत. माझ्या वयाची पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. तळातला दगड काढून आणायची पैज ज्यांनी लावली असेल त्यांना आठवेल, खाली जाताना कान ठणकायला लागतात. त्या ठणक्यातच स्कूबाचं निम्मं शास्त्र आहे. वर हवेचा जो दाब आपल्या अंगावर असतो, तेवढाच दाब दहा मीटर पाणी टाकतं. म्हणजे साधारण ३३ फूट खाली गेलात की दाब दुप्पट. वर फुगवलेला फुगा तिथं नेला तर आकार निम्मा होतो. तिथं खाली हवा भरून तोच फुगा वर आणला तर तो दुप्पट व्हायला बघतो. आता फुग्याच्या जागी स्वतःचं फुप्फुस धरा.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा आहे की श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. आणि विहिरीत आपण नेमकं काय शिकलो? दम धरायचा! तारकर्लीतल्या एका ट्रेनरने मला सांगितलं होतं, "साहेब, पोहता न येणारा माणूस माझं ऐकतो. ज्याला पोहता येतं तो घाबरला की दम धरून वर पळतो. मला त्याचीच जास्त काळजी." मी स्वतः त्या दुसऱ्या प्रकारचा निघालो. तिसऱ्या मिनिटाला मला वाटलं की तोंडातला पाइप काढावा आणि वर जावं. ट्रेनरने खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत बघितलं, हाताने 'हळू, हळू' अशी खूण केली. दोन श्वास घेतले आणि डोकं शांत झालं. त्यानंतर समोरून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा गेला, तो मला आजही दिसतो.

मला सांगा, मी त्या दिवशी नेमके कशाचे पैसे दिले? मासे फुकट होते. पाणी फुकट होतं. मी पैसे दिले खांद्यावरच्या त्या हाताचे. त्या माणसाकडे त्या वेळी फक्त मीच होतो म्हणून तो हात वेळेवर आला. त्याच्याकडे तीन जण असते तर?

हे डोक्यात ठेवा आणि आता ४९९ चा हिशोब करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. ग्राहकाने ५०० दिले. त्यातले १५० तुम्ही कमिशन म्हणून कापले. किनाऱ्यावर पोचले ३५०. त्यात बोट, डिझेल, बोटवाला, पाण्यात उतरणारा ट्रेनर, व्हिडिओ काढणारा, कारण बॅनरवर आपण 'फोटो-व्हिडिओ फ्री' लिहिलेलं असतं. सिलिंडर भरायचा खर्च वेगळा. बरेच जण समजतात सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो. नाही, आपली साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली. मोटारसायकलच्या टायरमध्ये आपण साधारण ३० पीएसआय हवा भरतो, त्या सिलिंडरमध्ये ३००० च्या आसपास असते. शंभर पट. ती भरणारा कॉम्प्रेसर चांगला लागतो, त्याचे फिल्टर वेळच्या वेळी बदलावे लागतात, हवा खेचणारं तोंड डिझेलच्या धुरापासून लांब ठेवावं लागतं. सिलिंडरची ठरावीक काळाने दाबाची तपासणी करावी लागते. तोंडात धरायचा रेग्युलेटर खाऱ्या पाण्यात रोज जातो, तो खोलून साफ करावा लागतो.

३५० रुपयांत हे सगळं बसवायचं असेल तर मालक काय करेल? डिझेलवाला कमी घेणार नाही. बोटीचा हप्ता कमी होणार नाही. कमी होतात त्या ग्राहकाला न दिसणाऱ्या गोष्टी. पाण्याखालची मिनिटं कमी होतात. उतरायच्या आधीचं शिकवणं कमी होतं. एका ट्रेनरमागे माणसं वाढतात. सर्व्हिसिंग 'पुढच्या महिन्यात बघू' होतं. यात मालक वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. पण ती कात्री त्याच्या हातात कोणी दिली? 'अमुक इतके कमी करा नाहीतर माझी गाडी दुसऱ्याकडे नेतो' असं फोनवर म्हणणाऱ्या आपल्यासारख्या एजंटांनी.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा मीही किनाऱ्यावर भाव केला होता. सोलापुरी माणूस, भाव केल्याशिवाय जेवण पचत नाही. ज्याने सगळ्यात कमी सांगितलं त्याच्याकडे गेलो. नाव-गाव सांगत बसत नाही. सूचना मिळाल्या चालत्या बोटीत, इंजिनच्या आवाजात, मोजून चार वाक्यं. दमा आहे का, हार्टचं काही आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, कोणीही विचारलं नाही. आमच्यातला एक जण रात्री उशिरापर्यंत 'बसलेला' होता, सकाळी त्याचे डोळे लाल. त्यालाही उतरवलं. सुदैवाने काही झालं नाही. पाण्याखाली किती वेळ होतो म्हणाल, तर व्हिडिओ पूर्ण होईपर्यंत. माशांनी जवळ यावं म्हणून ब्रेडचे तुकडे टाकले, आम्ही अंगठा वर करून दाखवला, झालं. खांद्यावर हात ठेवणारा ट्रेनर मला दुसऱ्या वेळी भेटला, जवळजवळ तिप्पट पैसे देऊन.

आणि धोका फक्त पाण्याखाली असतो असं समजू नका. २४ मे २०२२ ची बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तारकर्लीजवळ स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. तारीख बघा, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाऊस तोंडावर असतो, वारा फिरलेला असतो, लाटा वाढलेल्या असतात, आणि शाळेच्या सुट्ट्यांमुळे गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त. मेच्या शेवटी जलपर्यटन बंद होतं ते थेट पावसाळा ओसरेपर्यंत. त्या पोराच्या चार गाड्या नेमक्या याच दिवसांत होत्या. धंद्याच्या कॅलेंडरमध्ये ज्याला आपण 'पीक सीझन' म्हणतो तो समुद्राच्या कॅलेंडरमध्ये शेवटचा आणि सगळ्यात बेभरवशाचा काळ असतो. स्वच्छ पाणी बघायचं असेल तर दिवाळीनंतर जा, थंडीत जा. तेव्हा मुलांची शाळा असते, मान्य आहे. मग ज्यांची मुलं शाळेत नाहीत असे ग्राहक शोधा. नवीन लग्न झालेले, रिटायर झालेले, सोलापुरातल्या बँकेत आणि हॉस्पिटलात काम करणारे तरुण.

इथपर्यंत माणसाच्या सुरक्षिततेचं झालं. पण मला खरं बोलायचं आहे ते मालाबद्दल. दुकानात माल संपला की आपण दुधनीच्या किंवा सोलापूरच्या बाजारातून भरतो. पाण्याखालचा माल कुठून भरणार?

मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. आकार २९.१२ चौरस किलोमीटर. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्या भोवतीचं पाणी या अभयारण्याच्या गाभ्यात येतं. तिथे प्रवाळ आहे, आपण कोरल म्हणतो ते. दिसायला दगड, पण जिवंत. बारीक बारीक प्राण्यांची वस्तीच ती. त्याच्या फटींत मासे राहतात, पिल्लं वाढवतात, तिथेच खातात. प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतात. तुमच्या पायाएवढा गोळा तयार व्हायला एखाद्या पोराचं पूर्ण बालपण जातं, आणि घाबरलेल्या पर्यटकाने त्यावर पाय रोवला की तो एका सेकंदात मोडतो. घाबरलेला पर्यटक पाय कुठेही रोवणारच, त्याचा दोष नाही. ज्याला वर नीट शिकवलेलं नसतं तो जास्त घाबरतो, आणि शिकवायला वेळ का नव्हता ते आपण ३५० च्या हिशोबात बघितलं. ब्रेडचंही तसंच. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे असतात. त्यांना बोटीची आणि ब्रेडची सवय लावायची, ती फक्त आपल्या पंधरा सेकंदांच्या रीलसाठी!

म्हणजे कमी भावाची मार दोन ठिकाणी बसते. आज ट्रेनरच्या पोटावर आणि उद्या मालावर.

आता थोडं लांब जाऊ, प्रशांत महासागरापर्यंत. मेक्सिकोच्या पश्चिमेला बाहा कॅलिफोर्निया नावाची लांबलचक जमिनीची पट्टी आहे. ती आणि मुख्य मेक्सिको यांच्यामध्ये प्रशांत महासागराचा एक फाटा आत शिरलाय. जगभरातले डायव्हिंगवाले तिथे मोहिमा काढतात. देवमासे, शार्क, पंखासारखे कल्ले असलेले रे मासे, सगळं आहे. त्या किनाऱ्यावर काबो पुल्मो नावाचं एक गाव आहे. गाव कसलं, आपल्या मैंदर्गीतली एखादी गल्ली मोठी असेल. तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करायची. मासे कमी होत गेले. विद्यापीठातले अभ्यासक आले, त्यांनी गावकऱ्यांना चष्मा लावून पाण्याखाली बघायला लावलं. स्वतःच्या दारातला समुद्र त्यांनी आतून कधी नीट बघितला नव्हता. शेवटी गावानेच मागणी लावून धरली आणि १९९५ मध्ये तिथे राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. कागदावर मासेमारी बंद होती ती उद्यानाच्या काही भागातच. गावाने ती जवळजवळ सगळीकडे स्वतःहून बंद केली.

पुढची काही वर्षं त्यांनी कशी काढली असतील याचा विचार करा. जाळं ठेवून दिलं आणि पर्यटक अजून यायचे आहेत. आपल्याकडे पहिल्या सहा महिन्यांत 'सर, बिझनेस चालत नाही' असा फोन येतो.

शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये तिथल्या माशांचं मोजमाप केलं आणि २००९ मध्ये परत केलं. एकाच जागेतल्या माशांचं एकूण वजन दहा वर्षांत ४६३ टक्क्यांनी वाढलं होतं. २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला आणि जगभर गाजला. शार्कसारखे मोठे शिकारी मासे परत आले, आणि त्यांच्या मागे डायव्हर आले. आज त्याच मासेमार कुटुंबांतली मुलं-नातवंडं डायव्हिंगची दुकानं, बोटी, खानावळी चालवतात. मध्ये एका बड्या कंपनीने शेजारी हजारो खोल्यांचं रिसॉर्ट आणायचा घाट घातला होता. गाव आणि त्यांच्या बाजूचे लोक भांडले, २०१२ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी तो प्रकल्प थांबवला. गर्दी वाढली असती तर त्यांचाही गल्ला वाढला असता की! तरी त्यांनी नको म्हटलं.

'सर, ते मेक्सिको, इथे मालवण' असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आणि इथे मला थोडं थांबायला हवं. मैंदर्गीत खुर्चीवर बसून मालवणच्या मच्छीमाराला 'जाळं ठेव' म्हणायचा मला काही अधिकार नाही. अभयारण्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध राहिलाय आणि त्यामागे कारणं आहेत. आपल्याला न विचारता आपल्या शिवारावर रेघ मारली तर आपण गप्प बसू का? त्यात मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या बोटींशी आणि रात्री एलईडी लावून मासे ओढणाऱ्यांशी त्यांचं भांडण चालूच आहे. अशा वेळी घरातला एक भाऊ मासेमारी करतो आणि दुसरा पर्यटकांना पाण्याखाली नेतो, हा त्यांच्यासाठी आधार आहे. म्हणूनच त्या दुसऱ्या भावाला नीट पैसे मिळणं महत्त्वाचं आहे. समुद्र जिवंत ठेवून पोट भरतं हे ज्या दिवशी त्याला खिशात दिसेल, त्या दिवशी तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली राखण करेल. काबो पुल्मोत तेच झालं. त्याला ३५० रुपये देऊन ते होणार नाही.

सिंधुदुर्गातही चांगल्या गोष्टी झाल्यात, त्या बघून या. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. समुद्रात नेण्याआधी खोल तलावात शिकवायची सोय तिथे केली आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' नावाचा महिला बचत गट कांदळवन सफारी चालवतो. होडी बायका चालवतात, खाडीतले पक्षी, खेकडे, कांदळाच्या जाती त्याच सांगतात. ज्यांना पाण्याखाली जायचं नाही अशा आपल्या सोलापुरी काकू-मावश्यांना मी तिथेच पाठवेन. नाहीतर त्या किनाऱ्यावर पर्स सांभाळत बसतात. जानेवारीच्या सकाळी डॉल्फिन बघायला जा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बघा. काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गावकरी घरटी राखतात. हे सगळं पॅकेजमध्ये का नाही? कारण बॅनरवर 'स्कूबा ४९९' जास्त ओरडतं.

मग तुम्ही करायचं काय? त्या पोराला जे सांगितलं तेच सांगतो.

पहिलं म्हणजे डायव्हिंगवाल्याकडून कमिशन घेऊ नको म्हणालो. त्याचा जो पूर्ण दर आहे तो ग्राहकाने त्यालाच द्यायचा, तुझ्यासमोर. तुझी फी वेगळी लाव आणि ती बिलावर उघड लिही, 'नियोजन आणि सोबत'. बारा माणसांचीच गाडी काढ. प्रत्येकी ६०० फी धर, म्हणजे एका ट्रिपचे ७,२००. कमिशनवाल्या पद्धतीत १५० प्रमाणे बारा जणांचे मिळणार होते १,८००. तेवढ्याच पैशांसाठी तुला चार गाड्या काढाव्या लागल्या असत्या. ऑक्टोबर ते मार्च, महिन्याला दोन ट्रिप, बारा ट्रिपचे ८६,४०० होतात. यातून जाहिरात, फोन, तुझा स्वतःचा खर्च वजा कर. लाखो रुपये नाहीत, हे मी त्याला लपवलं नाही. पण हा जोडधंदा आहे, आणि एका जागेवर टिकणारा आहे.

"पण सर, फी म्हटल्यावर लोक येतील का?"

सगळे नाही येणार. जे फक्त भाव विचारतात ते सोलापूरच्या त्या सहाशेवाल्याकडे जातील, जाऊ देत. फी घेतो म्हणजे तुला त्या फीचं काम करावं लागेल. निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला फोन करून विचार : दमा, हार्ट, फिट, कानाचं दुखणं, बाईमाणसाला दिवस गेलेत का. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत, त्याला वरच्या वर स्नॉर्केलिंगला ठेव. आदल्या रात्री दारू नाही, हे गाडीत बसायच्या आधी सांग, तिथे गेल्यावर नको. या एका अटीवर तुझे दोन-तीन बुकिंग जातील बघ, मी आत्ताच सांगतो. बोटीला महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, किती माणसांचा आहे, हे विचारायला लाजू नको. लाइफ जॅकेट मोजून घे. एका ट्रेनरमागे एकच नवखा माणूस, हे आधी ठरवून घे. आणि ब्रेड नाही.

परतीचंही एक आहे, जे मलाही उशिरा कळलं. पाण्याखाली दाबात श्वास घेतला की शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. म्हणून डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नका असा नियम आहे, एका डुबकीनंतरही किमान १२ तास थांबायला सांगतात. आपण विमानाने कुठे जातो, म्हणाल. पण आपण आंबोली घाट चढून येतो, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटर उंच आहे. तीन-चार मीटरच्या छोट्या डुबकीत फारशी काळजी नसते, पण कोणी कोर्स करत असेल, दिवसभर खोल गेला असेल, तर त्याला त्याच संध्याकाळी घाटावर आणू नये. म्हणून स्कूबा पहिल्या सकाळी ठेव, दुसऱ्या दिवशी खाडी आणि किल्ला, मग परत. ४९९ वाले उलटं करतात, कारण 'शेवटी मजा' ठेवली की ग्राहक खूश होऊन घरी जातो.

हे सगळं ऐकून पोरगा जरा हिरमुसला होता. चहा झाला. मग म्हणाला, "म्हणजे आधी मलाच उतरावं लागेल."

"हो."

"सर, मी खरंच घाबरतो."

मी म्हणालो की तुझ्याकडे या धंद्यातली एक गोष्ट तयार आहे. गाडीतल्या घाबरणाऱ्या माणसाला काय वाटतं ते तुला कोणी शिकवायची गरज नाही.

मेच्या चार गाड्या त्याने रद्द केल्या आहेत. बॅनरवरचा आकडा काढला, त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही, सुचलं तर त्याला कळवा, मी पोचवतो. येत्या रविवारी त्याच्या काकांच्या शेतात विहिरीवर जाणार आहोत. पाणी उतरलंय म्हणे, पण छातीएवढं असेल. डबा मी घेऊन जातोय.